न उमलणारी सुमिरे

इकारी मास्तरांनी त्या रोपाचं सगळं लिहून काढलं होतं, फूल सोडून.

पान लांबट, तळाशी निमुळतं होत देठात उतरलेलं. कडेला बोथट दाते, तेही मोजकेच. वरून तेलाचं बोट फिरवल्यासारखं तुकतुकीत, खालून जांभळं. खोड असं नाहीच. पानं थेट खडकातून फुटल्यासारखी, ओल्या कातळाला पोट चिकटवून बसलेली, म्हणजे ओढ्याला पूर आला की पाणी वरून निघून जावं आणि पान जागचं हलू नये. मधूनच दोऱ्याएवढं एक धावतं खोड निघायचं, भेगेभेगेतून पुढे सरकायचं आणि हातभर लांब जाऊन पुन्हा मूळ धरायचं. बोंड तीन फाकांचं. बी मोहरीहून बारीक.

फूल मात्र नाही. कळी यायची. हिरवी, गव्हाच्या दाण्याएवढी, मान खाली घातलेली. आणि न उमलताच ती फुगत जायची नि तिचं बोंड व्हायचं. मिटल्या मिटल्या, आतल्या आत, सगळा संसार उरकून मोकळी. मास्तर सांगत की सुमिरेच्या, म्हणजे रानव्हायोलेटच्या, जातकुळीत असं चालतं. उजेड कमी पडला की कळ्या दार उघडायच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांना ओढ्याची वाट दाखवणाऱ्या तोयोला यात नवल वाटलं नाही. तिच्या ओळखीच्या कितीतरी बायका अशाच होत्या.

पण कागोशिमाच्या विद्यापीठातल्या माणसानं मास्तरांना स्पष्ट कळवलं होतं. सुमिरेची जात ठरते ती फुलावरून. उघडं फूल दाखवा, मग ही नवी जात आहे की नाही ते बोलू. तोवर तुमची सुमिरे म्हणजे पाठमोरा काढलेला फोटो. म्हणून मास्तर दर मार्चात बेटावरच्या नाझे शहरातून बसनं शिबारु गावी येत, बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत अंथरूण टाकत आणि चारपाच दिवस तोयोच्या मागून ओढा चढत.

तोयोच्या मागून, कारण ओढा माहीत असलेलं दुसरं कोणी गावात उरलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी बसथांब्यावर विचारलं होतं, की ओढ्यातली कोळंबी धरायला कोण जातं. तेव्हा लोकांनी तिच्या घराकडे बोट दाखवलं. ती तेव्हा मागावर बसलेली होती. चिखलात रंगवलेल्या रेशमाचं काळं थान पुरं व्हायचं होतं आणि तिला मुळीच सवड नव्हती. तरी ती उठली. नवरा समुद्रात गेल्याला बरीच वर्षं झाली होती, मुलगा आमागासाकीच्या कारखान्यात होता आणि नव्या वर्षाला फोन करायचा. "मला एक रोप दाखवाल का," असं घरी येऊन विचारणारं माणूस तिनं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग ते ठरूनच गेलं. मास्तर यायचे म्हटलं की तोयो आदल्या दिवशी डुकराचं मांस आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोत घालून ठेवायची, सकाळी भाताचे गोळे करून त्यांना अंड्याच्या पातळ पोळीत गुंडाळायची. पुढे ती, हाबू या विषारी सापासाठी हातात काठी. मागे मास्तर, गळ्यात भिंग. दुपारी खडकावर बसून जेवायचं. मास्तर बोलायचे बियांबद्दल. बोंड सुकून आवळलं की बी कसं वितीवितीनं उडतं, मुंग्या ते का ओढून नेतात. तोयो ऐकायची. कुणासाठी तरी डबा करायचा, तो माणूस शेवटचं शीत चिमटीनं उचलून खातो ते बघायचं, एवढंच. बाकीचं वर्षभर माग खटखटायचा आणि कुंपणापलीकडून वन्संचा टीव्ही.

आता यात जी गोष्ट मास्तरांना ठाऊक नव्हती ती अशी, की फूल होतं.

मास्तर ज्या खडकापाशी वर्षानुवर्षं गुडघे टेकत होते, त्याच्या बराच वर धबधबा होता. तिथे झाडी मागे हटते आणि आभाळ ओढ्यापर्यंत खाली येतं. त्या धबधब्याच्या डोक्यावरच्या कातळात हीच सुमिरे होती आणि ती मार्चाच्या सुरुवातीला चक्क उमलायची. तोयोनं लहानपणी पाहिली होती, लग्नानंतर पाहिली होती, आणि मास्तर यायच्या आधी एकदा जाऊन ती दर वर्षी पाहून येत होती.

पहिल्या वर्षी ती दाखवणारच होती. शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं, पाहुण्याला निघताना गोड द्यावं तसं. पण त्याच्या आदल्या दुपारी ओढ्यात हात धुता धुता मास्तर म्हणाले, "फूल मिळालं की माझं इथलं काम संपलं, तोयोबाई. मग तुमच्या मागची ही ब्याद टळेल."

तोयो हसली. थोड्या वेळानं मास्तर वर बघत म्हणाले, की तिकडे धबधब्याकडे उजेड दिसतोय, तिथे शोधायला हवं. तेव्हा आपल्या तोंडून काय निघतंय हे तिचं तिलाच निघाल्यावर कळलं. ती म्हणाली, "तिकडे नाही जात आम्ही. वर देवराई आहे. पुरुषमाणसानं पाय नाही टाकायचा."

देवराई होती, खोटं नव्हतं. पण ती खाली, ओढ्याच्या डाव्या अंगाला, म्हाताऱ्या वडापासून डोंगराच्या कण्यापर्यंत. धबधब्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तोयो पुढे जाऊन आली. लव्हाळ्यासारखं उंच गवत असतं तिकडे, त्याचं पातं घेऊन टोकाशी गाठ मारली आणि वाटेच्या मधोमध दगडाखाली रोवून ठेवलं. बस. मास्तर तिथवर आले, गाठ पाहिली, डोक्यावरची टोपी काढली आणि मागे वळले. एक शब्द विचारला नाही. त्यांची आई त्यांच्या गावच्या नोरोच्या, म्हणजे देवीच्या पुजारणीच्या, मागे पांढरं नेसून चालणाऱ्या बायकांतली होती. अशा घरातल्या माणसाला त्या गवताचा अर्थ सांगावा लागत नाही. क्योतोचा कुणी विद्वान असता तर गवत तुडवून वर गेला असता, आणि बुटाखाली काय आलं हेही त्याला कळलं नसतं. त्याला फूल मिळालं असतं. हे मास्तर बेटावरचे, म्हणून फसले.

गाठ वर्षभरात वाळून जाते. त्यामुळे ती दर मार्चात नवी बांधावी लागे. तोयो स्वतः मुलगी असताना नोरोच्या मागे चाललेली होती. शेवटची नोरो वारली, तिच्याबरोबर गावचे सोहळे गेले, आणि आता त्या सगळ्यातली गाठ मारण्याची विद्या तेवढी तोयोच्या बोटांत उरली होती, ती तिनं ही अशी कामाला लावली. दर वेळी ती गाठीपाशी चिमूटभर मीठ टाकायची आणि देवीला सांगायची, की एवढं वर्ष.

कुंपणापलीकडच्या हात्सुवन्संना हे अर्थातच ठाऊक होतं. त्या तिच्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, त्याही विधवा, आणि गावात काय चाललंय हे टीव्हीवरची सुमोची कुस्ती न चुकवता त्यांना कळायचं. एकदा त्यांनी बटाटे सोलता सोलता विचारलं, "काय गं वहिनी, देवाच्या हद्दीचा खांब वर सरकला म्हणे. सरकारी मोजणी झाली वाटतं?"

तोयो म्हणाली, की तुमचं पाणी उकळतंय तिकडे.

असे सातआठ वसंत गेले. मास्तरांचा गुडघा दुखायला लागला, दोन वेळा त्यांनी एकेक धावतं खोड डब्यात घालून नाझेला नेलं, आणि दोन्ही वेळा ते कुंडीत कुजलं. त्याला वाहतं पाणीच लागे. खालच्या खडकावरच्या कळ्या दर वर्षी येत आणि दर वर्षी मिटूनच राहत.

मग त्या मार्चात मास्तर बसमधून उतरले ते दांडा घट्ट धरून, पायानं आधी जमीन चाचपून. जेवताना त्यांनी सांगितलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याला आता नुसता अंधार आणि उजेड. उजव्याचं डॉक्टर म्हणतात वर्षभर, फार तर थोडं जास्त. मुलगी, सेत्सुको, यंदाच सोडायला तयार नव्हती. पुढच्या वर्षी एकट्यानं येणं नाही. बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसं ते सांगत होते. मग त्यांनी भाताचा गोळा उचलला आणि तो किंचित बाजूला धरून, उजव्या डोळ्यानं नीट बघून मग खाल्ला.

तोयोनं दुसऱ्या दिवशीचे तांदूळ धुताना ठरवलं, की दाखवायचं. त्यात मोठेपणा नव्हता आणि तिनं तसं स्वतःला भासवलंही नाही. मास्तर आता येणार नाहीतच, तर मग ते फूल लपवून ठेवून ती कुणाला बांधून ठेवणार होती.

सकाळी ती दोघं गाठीपाशी आली. मास्तरांनी सवयीनं टोपी काढली. तोयोनं वाकून ते पातं उपटलं आणि गाठ सोडली.

"अहो, काय करताय?" मास्तर खरोखर घाबरले.

"ही देवाची नाही, मास्तर. माझी आहे. चला, वर फूल आहे."

त्यांना काही उमगलं असेल असं दिसलं नाही. फूल हा शब्द तेवढा त्यांनी ऐकला. तोयोनं आपल्या कंबरेच्या पट्ट्याचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि दगडांवरून त्यांना ओढत वर नेलं. एकदा ते घसरले, पायाची नडगी सोलली, तरी थांबले नाहीत. सत्तरीच्या माणसाचा श्वास तिला मागे ऐकू येत होता, आणि तो दमल्याचा नव्हता.

वर पोचल्यावर तोयोला आधी वाटलं की आपण वाट चुकलो.

आदल्या शरदात मोठं तुफान आलं होतं. गावात दोन छपरं गेली, शाळेच्या खिडक्या गेल्या, सगळ्यांना माहीत होतं. इथे वर काय गेलं ते बघायला कोणी आलं नव्हतं. दर वर्षी येणारी तोयो या वर्षी थान पुरं करायच्या घाईत खालूनच गाठ बांधून परतली होती. डोंगराचा एक आख्खा काप निसटून ओढ्यात आला होता आणि पाण्यानं तो कातळावरून खरवडत खाली नेला होता. कातळ पांढरा पडला होता, मटणाचं हाड चाटूनपुसून ठेवावं तसा. शेवाळ नाही, नेचा नाही. सुमिरेचं एक पान नाही.

मास्तर भिंग काढून उभे होते. "कुठे?" ते म्हणाले. "मला दिसत नाहीये. तोयोबाई, कुठे बघू?"

"नाहीये," ती म्हणाली. "इथे होतं."

मग मास्तर खाली बसले आणि त्यांनी पेन्सिल काढली. मास्तरच ते. म्हणाले, सांगा. जसं होतं तसं सांगा.

तोयोनं सांगितलं. पाच पाकळ्या, पांढऱ्या. मास्तरांनी विचारलं, शुभ्र का? नाही, तांदूळ धुतल्यावर दुसरं पाणी निघतं तशा. वरच्या दोन मागे कलंडलेल्या, कान पाडलेल्या कुत्र्यासारख्या. बाजूच्या दोन समोर. खालची सगळ्यांत आखूड, तिच्यावर जांभळ्या रेघा, घशातून निघून कडेपर्यंत न पोचणाऱ्या. किती रेघा? मोजल्या नाहीत कधी. बाजूच्या पाकळ्यांना आतून, घशापाशी, लव होती का? ते जातीच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं. तोयोला आठवेना. मागे मधाची पिशवी? होती, आखूड, बाळाच्या पायाच्या अंगठ्यासारखी. म्हणजे किती मिलिमीटर? तीन असेल, ती म्हणाली. मग म्हणाली, ठाऊक नाही.

पेन्सिल आधी भराभर चालत होती, मग हळू झाली. मग थांबली.

"हे कुठल्या वर्षी पाहिलंत?"

"दर वर्षी."

मास्तरांनी मान वर केली. चांगला डोळा तिच्याकडे वळवायला त्यांना सबंध डोकं फिरवावं लागलं. पाणी पांढऱ्या कातळावरून घसरत होतं, त्याचा आवाज नको इतका होता.

"हे लिहून उपयोग नाही," शेवटी ते म्हणाले. "जे कुणी पाहिलेलं नाही ते..."

"मी पाहिलंय."

"हो," मास्तर म्हणाले. "तुम्ही पाहिलंय."

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग त्यांनी विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, मुलानं गणित का चुकवलं ते विचारावं तसं विचारलं, "नुसतं या म्हणाला असतात, जेवायला या, तर मी आलो नसतो का?"

तोयोला खरं उत्तर माहीत होतं. शेजारच्या खोऱ्यातल्या एका आमरीवर, म्हणजे ऑर्किडवर, मास्तरांनी सुमिरेच्या आधी अशीच काही वर्षं घालवली होती. ते काम संपल्यावर त्या खोऱ्याकडे पुन्हा फिरकलोही नाही, हे त्यांनीच एकदा जेवताना मजेत सांगितलं होतं. तिथेही कोणी डबा करून देणारं असेलच. तिनं म्हटलं, "आला असतात." एवढं खोटं अजून चालण्यासारखं होतं.

उतरताना पंचाईत झाली. ज्याच्यावर रागवायचं त्याच्याच पट्ट्याला धरून उतरायचं, म्हणजे रागालाही धड जागा नाही. मास्तरांनी पट्टा सोडला नाही. दुपारच्याच बसनं ते गेले. अंड्यात गुंडाळलेला भात तसाच राहिला. तोयोनं तो रात्री खाल्ला, टाकणार कुठे.

पुढचे काही दिवस माग चालला नाही. हात्सुवन्संनी कुंपणावरून डोकावून पाहिलं, आत येऊन चुलीपाशी गुळाचा खडा चघळत बसल्या, आणि म्हणाल्या, "अगं, माणूस गेला तर गेला. आपले गेले ते काय कमी होते?" तोयो म्हणाली, मी माणसाचा विचार करत नाहीये. वन्सं म्हणाल्या, बरं, मी केला म्हणून समज.

तोयो उजेडाचा विचार करत होती. खालच्या खडकावर सुमिरे अजून होती, पुष्कळ होती. तिच्यावर उजेड पडत नव्हता तो वडामुळे. देवराईच्या तोंडाशी असलेल्या त्या वडाची एक भली जाड फांदी ओढ्यावर आडवी पसरलेली होती आणि तिनं तिथे कायमची संध्याकाळ करून ठेवली होती. फांदी नसती तर दुपारचं ऊन थेट कातळावर आलं असतं.

पण तो वड खरा देवाचा होता. तिथे गवताची गाठ लागत नव्हती, कारण सांगायची गरजच नव्हती. देवराईतली काडी तोडणाऱ्याच्या घरी त्याच वर्षी मर्तिक होतं, असं म्हणत. शिवाय वडात केन्मुन, म्हणजे झाडातलं भूत, राहतो, पोराएवढा, केसाळ, आणि त्याचं झाड तोडलं की तो डोळ्यांत बोटं घालतो. खोटी देवराई उभी करणं निराळं आणि खरीवर करवत चालवणं निराळं. पहिल्याचा गुन्हा तोयोनं केला होता. दुसऱ्यासाठी ती करवत हातात घ्यायची आणि पुन्हा जागेवर ठेवून द्यायची.

एप्रिलात एका सकाळी ती मीठ, तांदूळ आणि उसाच्या दारूची बाटली घेऊन गेली. वडाच्या मुळाशी बसली. पूर्वी नोरो म्हणायची ते शब्द तिला अर्धेच आठवले, बाकीचं तिनं साधं बोलून सांगितलं. की तुझं नाव मी फुकट वापरलं. ते फेडायचं म्हणून आता तुझाच हात तोडायला आलेय, हे बरोबर दिसत नाही मलाही. पण दुसरा उपाय असेल तर तू सांग. थोडा वेळ थांबली. देवानं काही सांगितलं नाही, तेव्हा तिनं दारू मुळांवर ओतली आणि करवत काढली.

एका दिवसाचं काम नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. वडाकडे पाठ करून ओढ्याच्या काठी बसल्या. म्हणाल्या, "मी काही पाहिलेलं नाही. देवानं विचारलं तर तसंच सांगणार." मग पाठ तशीच ठेवून त्यांनी दोराचं टोक धरलं, कारण फांदी पडताना कुणीतरी ती ओढायला हवीच होती. चीक तोयोच्या केसांत, मनगटांवर, पापणीवर उडाला. फांदी शेवटी पडली ती दोर न जुमानता, आणि सुमिरेच्या अर्ध्या खडकावर पडली.

वन्संनी तेवढ्यापुरतं वळून पाहिलं. "झालं," त्या म्हणाल्या. "आता ही उमलतील भीतीनंच."

तो उन्हाळा वाईट गेला. सावलीत जन्मलेल्या पानांना ऊन सोसेना. कडा करपल्या, मग सगळीच पिवळी पडली. तोयो दुपारी जाऊन वर नेच्याची पानं आडवी घालायची आणि संध्याकाळी काढायची, जावईबापूंची उशी करावी इतक्या निगुतीनं. तिच्या पापणीवर रांजणवाडी झाली. वन्सं रोज कुंपणावरून हात उंचावून विचारायच्या, किती बोटं, सांग. घरात मर्तिक झालं नाही. व्हायला घरात होतंच कोण. शरदात नवी पानं आली, आधीच्यापेक्षा लहान, जाड. नव्या वर्षाला मुलाचा फोन आला. त्यानं विचारलं, नवीन काय. ती म्हणाली, काही नाही, पानं धरलीत.

मार्चात एका रोपाला कळी आली तिचा देठ लांब होता. इतका, की ती पानांच्या वर आली. बाकीच्या नेहमीसारख्या खाली तोंड करून दडलेल्या. तोयो रोज जाऊ लागली. एका सकाळी ती पोचली तेव्हा फूल उघडलेलं होतं, आणि अर्धवट नव्हे, वरच्या दोन पाकळ्या मागे टाकून, नीट. ती ओणवी झाली. या वेळी ती मास्तरांचे प्रश्न घेऊन बघत होती, म्हणून तिला दिसलं. बाजूच्या पाकळ्यांना घशापाशी लव होती. इतकी वर्षं ती फूल बघत होती असं तिला वाटत होतं, आणि तिनं ते पाहिलंच नव्हतं.

एकच फूल. मास्तर येऊ शकत नव्हते. फूल न्यायचं तर मुळासकट न्यायला हवं, धावत्या खोडासकट. त्यांनीच शिकवलं होतं. नखानं भेगेतली मुळं सोडवताना तिला कळत होतं, की हे दिलं की मास्तर आणि ती यांच्यात उरलेलं तेवढं देणंघेणं संपलं. गेल्या वर्षीचा राग का होईना, तो होता. याच्यानंतर काहीच नसणार. तिनं रोप ओल्या शेवाळात गुंडाळून डब्यात ठेवलं. त्याच डब्यात ती भाताचे गोळे न्यायची, पण दुसरा बरा डबा घरात नव्हता.

मास्तरांचं घर तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. नाझेच्या बंदराच्या मागच्या चढावर, विचारत विचारत सापडलं. दार सेत्सुकोनं उघडलं. पन्नाशीची, दमलेली, चांगली बाई. तोयोच्या हातातलं गाठोडं बघून ती म्हणाली, "माफ करा, आम्हाला थान घ्यायचं नाहीये."

"मी शिबारुची," तोयो म्हणाली. "फूल आणलंय."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मास्तर खिडकीपाशी बसले. डबा उघडला तेव्हा त्यांनी आधी वास घेतला, बोटानं शेवाळ बाजूला केलं आणि फूल उजव्या डोळ्याशी इतकं जवळ नेलं, की पापण्या पाकळीला लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. मग ते मोठ्यानं सांगू लागले, सेत्सुको लिहू लागली. निदलं पाच, टोकदार. पाकळ्या पांढुरक्या. खालच्या पाकळीवर शिरा, जांभळ्या. मोज, किती? सेत्सुकोनं भिंग लावून मोजल्या. बाजूच्या पाकळ्यांना आतून लव, विरळ. पट्टी लाव, मागच्या पिशवीला. सेत्सुकोनं लावली. बापलेकींनी हे काम एकत्र केलेलं होतं पूर्वी कितीदातरी, ते दिसत होतं. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचा हात पुढे यायचा.

तोयो उंबऱ्याजवळ बसली होती. तिच्यापुढे चहा होता, बशीत गुळाचा खडा. एकदाच मास्तरांनी मान न वळवता तिला विचारलं, "देठावर ही दोन बारकी पानं आहेत. कळी वाढत असताना ती जोडीनं होती की वरखाली?"

"पाहिलं नाही," ती म्हणाली.

"हं," म्हणून ते पुढे गेले.

फूल फार तर संध्याकाळपर्यंत टिकलं असतं. त्यांनी मध्येच थांबून काही बोलावं, अशी वेळच नव्हती, हे तिला समजत होतं. तिनं गूळ तोंडात टाकला. खोलीच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता, समोर नैवेद्याचा ताजा भात. मास्तरांच्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड पडला होता आणि तिथे तिनं ओढ्याच्या काठी कधीच न पाहिलेलं काहीतरी होतं. हे त्यांच्यापासून तिनं सातआठ वर्षं अडवून ठेवलं होतं. ते बघत बसणं काही सोपं नव्हतं.

बसची वेळ झाली तशी ती उठली. म्हणाली, निघते. मास्तर सांगत होते, "कुक्षीचं टोक... थांब, खाली वाकलेलं, चोचीसारखं." ते थांब सेत्सुकोला होतं, लेखणीसाठी. सेत्सुकोच पटकन उठून दारापर्यंत आली, दोनतीनदा वाकली, हातात गोड बिस्किटांचा पुडा कोंबला आणि म्हणाली, की बाबा पुन्हा असे बसतील असं वाटलं नव्हतं. मग आतून हाक आली आणि ती गेली. डबा आतच राहिला. मागायला परत जाणं तोयोच्या जिवावर आलं.

शिबारुच्या थांब्यावर वन्सं काठी घेऊन उभ्या होत्या. ओसाकाच्या सुमो कुस्त्यांचा पंधरवडा चालू होता आणि त्या टीव्ही सोडून आल्या होत्या, म्हणजे गोष्ट मोठी. तोयोनं त्यांच्या हाती बिस्किटांचा पुडा दिला. दोघी समुद्राच्या कडेकडेनं चालू लागल्या.

"काय म्हणाले मास्तर?"

"पिशवी चार मिलिमीटर आहे."

"आणि?"

"लव आहे. बाजूच्या दोन पाकळ्यांना. विरळ."

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "तुला काय म्हणाले, ते विचारतेय मी."

तोयो थोडं पुढे गेली. समुद्र खाली गेला होता आणि उघड्या पडलेल्या खडकांवर कोणी नव्हतं.

"चार," ती म्हणाली. "मी तीन सांगितली होती."